कृपयाबाईंचं गाणं

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बसस्थानकात सगळे त्यांना कृपयाबाई म्हणत. चौकशीच्या खिडकीत, माइकसमोर बसून त्या एकोणीस वर्षं सांगत आल्या होत्या की प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, कृपया फलाट क्रमांक चारवर जावे, कृपया पायऱ्यांवर बसू नये. लक्ष कोणी देत नसे, पायऱ्यांवर सगळे बसत, आणि बाई पुन्हा तितक्याच गोडीने कृपया म्हणत. गाडी उशिरा आली की लोक ड्रायव्हरला सोडून बाईंवर धावून येत. एका गृहस्थाने तर पाऊस पडतो म्हणून बाईंकडे तक्रार केली होती. बाईंनी ती लिहून घेतली.

या बाईला राग म्हणून येत नाही, असा स्थानकात समज होता. तो समज ऐकून मिस्त्री, म्हणजे बाईंचे यजमान, पोट धरून हसायचे. कारण आठ तास गिळलेला राग संध्याकाळी घरी येऊन कुठे बाहेर पडायचा, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. बाईंचा राग नाकावर होता, फक्त ड्युटीवर असताना त्या नाक झाकून ठेवत. घरी दुधाचं पातेलंसुद्धा त्यांना घाबरून असे.

मिस्त्री त्याच स्थानकामागच्या वर्कशॉपमध्ये. कमी बोलणारा माणूस. इंजिनात काय बिघडलंय ते कानाने सांगायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि मग म्हणायचे, "तिसरा सिलिंडर मागे पडतोय." उघडून बघावं तर तिसराच. तीस वर्षं असा कान लावला आणि तीस वर्षं धूर खाल्ला. निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि बाईंना बाहेर नेऊन सांगितलं, "आता औषधापेक्षा झोप महत्त्वाची. शांत झोप मिळाली तर काही दिवस वाढतील."

बाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरलं. झोप म्हणजे दिवस. मग झोपेच्या आड जो येईल तो वैरी. फेरीवाल्याला त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. शेजारणीच्या कुकरला शिट्टीवरून ऐकवलं. हवा लागावी म्हणून मिस्त्रींची खाट पुढच्या खोलीत, दाराजवळ आणली आणि दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आणि नेमकं तेव्हाच, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं झालं. वरचा रिकामा मजला मालकाने एका बँडला दिला.

चौघं होते. एक दाढीवाला गायचा, एक मुलगी ड्रम बडवायची, बाकी दोघं गिटारी घेऊन उभे. त्यांच्या बँडला काहीतरी नाव होतं, ते बाईंनी कधी तोंडाने घेतलं नाही. रोज संध्याकाळी सहाला सुरू, नऊला बंद. आणि रोज तेच गाणं. तेही सलग नाही. अर्धं वाजवायचं, थांबायचं, भांडायचं, पुन्हा पहिल्यापासून. निदान पूर्ण तरी करा मेल्यांनो, असं एखाद्याला वाटावं. बाईंना तेवढंही वाटत नव्हतं. त्यांना फक्त बंद हवं होतं.

पहिल्या दिवशी त्या वर गेल्या आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हणाल्या, "कृपया जरा हळू. घरात आजारी माणूस आहे." दाढीवाल्याने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी भिंतींना जुन्या गाद्या लावल्या. ड्रमचा आवाज गादीला काय भीक घालतो? आठवड्यानंतर कृपया गेलं. पंधरा दिवसांनी झाडूचा दांडा आला. बाई स्टुलावर चढून छताला दांडा हाणायच्या. मालकाकडे गेल्या, तो म्हणाला, "नऊच्या आत आहे, मी काय करू?" शेवटी सहा वाजले की त्या मिस्त्रींच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालू लागल्या, वर शाल गुंडाळायच्या आणि म्हणायच्या, "झोपा आता." मिस्त्री डोळे मिटायचे. बाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी हळू घासायच्या आणि मनातल्या मनात वरच्या चौघांचा उद्धार करायच्या.

असे तीन महिने गेले. मग ती संध्याकाळ आली. मिस्त्रींना दिवसभर धाप लागली होती, बाईंनी रजा काढली होती, दुपारी डोळ्याला डोळा लागला नव्हता. वर गाणं सुरू झालं आणि त्या दिवशी थांबेचना. अख्खं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शेवटी ड्रमचा असा गडगडाट की शोकेसमधल्या कपबशा नाचल्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दार उघडलं, जिन्यात येऊन वर तोंड केलं, आणि एकोणीस वर्षांत जो आवाज माइकने कधी ऐकला नव्हता त्या आवाजात ओरडल्या, "झोपू द्या त्यांना. अरे, तासभर तरी झोपू द्या त्या माणसाला." आणि आत येऊन दार असं आपटलं की तेल घातलेल्या बिजागऱ्याही कुरकुरल्या.

दुसऱ्या दिवसापासून वरचं वाजणं बंद झालं. पाच आठवड्यांनी मिस्त्री गेले. शांततेत गेले, असं बाई सगळ्यांना सांगत. मी दम भरला म्हणून तेवढी तरी शांतता मिळाली त्यांना, असंही सांगत. दुःखात माणसाला काहीतरी केल्याचा आधार लागतो. बाईंना तेवढाच होता.

सहा महिन्यांनी एक दिवस पासच्या खिडकीतली मुलगी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल घेऊन आली. स्थानकात तिला पासवाली म्हणत. ती म्हणाली, "बाई, ऐका ना, हा आवाज सेम तुमच्यासारखा आहे. सगळीकडे वाजतंय हे गाणं."

बाईंनी कानाला लावलं. आधी गिटार. मग सगळं एकदम थांबलं आणि मोकळ्या जिन्यात घुमावा तसा बाईचा आवाज आला: तासभर तरी झोपू द्या त्या माणसाला. आणि तिथून ड्रम सुरू. पुढे दाढीवाला तेच शब्द घेऊन गायला लागला, आणि मग खूप जण मिळून.

बाईंनी फोन परत दिला. डबा बंद केला. पासवालीने विचारलं, "तुम्हीच का हो?" बाई म्हणाल्या, "तुझी सुट्टी संपली."

त्या दिवसापासून सुटका नव्हती. रिक्षात तेच, चहाच्या टपरीवर तेच, सलूनमध्ये तेच. दोन महिन्यांपूर्वी बँडने हे एकच गाणं काढलं होतं, 'तासभर' नावाचं, आणि पोरांनी ते डोक्यावर घेतलं होतं. एका ड्रायव्हरने त्या तालावर हॉर्न द्यायला सुरुवात केली, मग तिघांनी उचललं. फलाट दोनवर कॉलेजची टोळी उभी असायची, त्यांनी तर कहर केला. एक जण म्हणायचा, "तासभर," आणि बाकीचे उड्या मारत बोंबलायचे, "झोपू द्या त्यांना." बोंबलून. अख्खं स्थानक दणाणून सोडत झोपू द्या म्हणायचं, याला काय म्हणावं? बाई खिडकीत बसून माइकमध्ये सांगत, कृपया फलाटावर गोंधळ करू नये, आणि पोरं त्या गोड आवाजाला हसत. त्यांना काय ठाऊक, दोन्ही आवाज एकाच गळ्यातले.

ठाऊक व्हायला मात्र वेळ लागला नाही. पासवालीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. आठवडाभरात स्थानकप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं आणि मिश्कील चेहरा करून म्हणाले, "बाई, एवढा दम आहे तर घोषणाही अशाच करत जा. लोक पायऱ्यांवर बसणार नाहीत." बाई हसल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. थोरल्या नणंदेचा, म्हणजे टाळता येण्यासारखा नाही.

"वहिनी, नातवाने ऐकवलं मला. माझ्या भावाच्या मरणावर पोरं नाचतायत."

"मी नाही नाचवलं त्यांना, वन्सं."

"तू ओरडलीस म्हणून नाचतायत ना? घरातलं घरात ठेवायचं सोडून जिन्यात कशाला गेलीस?"

बाईंनी फोन ठेवला. त्या ताडकन उठल्या आणि रिकाम्या खाटेकडे बघत राहिल्या. ज्या ओरडण्याचा त्यांना आधार होता, तोच कोणीतरी उचलून बाजारात मांडला होता. नवऱ्यासाठी एक गोष्ट केली होती, फक्त एक, आणि आता तिच्यावर कोणीही उड्या मारत होतं. त्यांनी ठरवलं, हा आवाज त्या गाण्यातून काढायचा. शब्द न् शब्द. मग बँड पाया पडो की डोकं आपटो.

पत्ता पासवालीने दिला. दाढीवाला गाजला असला तरी अजून बसनेच फिरत होता आणि त्याचा पासचा अर्ज खिडकीत होता. "बाई, हे नियमात नाही," ती कुजबुजली. "तुझ्या तोंडात तरी कुठे नियम आहे?" असं म्हणून बाईंनी कागद घेतला.

मंगळवारी साप्ताहिक सुट्टी. बाई भर दुपारी तिथे पोहोचल्या. घरामागे गॅरेज होतं, शटर अर्धं वर, आत भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या, जमिनीवर वायरींचं जंजाळ. दाढीवाला होता, ड्रमवाली मुलगी होती, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर एक चष्मेवाला, जो त्यांचं रेकॉर्डिंग करायचा. बाईंना बघून दाढीवाला उभाच राहिला.

"काकू, तुम्ही? बसा ना."

"बसायला नाही आले. कोणाला विचारलं होतंस?"

"म्हणजे?"

"माझा आवाज. गाण्यात घातलास तो कोणाला विचारून?"

दाढीवाल्याने मानेवरून हात फिरवला. "तसं मुद्दाम नाही घेतला, काकू. रिकाम्या जिन्यात ड्रमचा आवाज मोठा येतो, म्हणून एक माइक आम्ही जिन्यात टांगायचो. तुमच्या दाराच्या जरा वर, कठड्याला. गाणं संपल्यावर बंद करायचा राहिला, आणि तुम्ही आलात. नंतर ऐकलं तर अंगावर काटा आला. आम्हाला माहीत नव्हतं हो, की काका एवढे..."

"माहीत नव्हतं?" बाई म्हणाल्या. "तीन महिने मी तुमचा जिना झिजवला. हात जोडले. आजारी माणूस आहे म्हणून सांगितलं. अजून काय करायला हवं होतं, त्यांना उचलून वर आणून दाखवायचं होतं?"

"मला माहीत होतं," ड्रमवाली म्हणाली. दाढीवाल्याने तिच्याकडे बघितलं, पण ती थांबली नाही. "आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं, काकू. उगाच खोटं कशाला बोलायचं? पण आमच्या अख्ख्या गाण्यात तेवढी एकच ओळ खरी वाटत होती. म्हणून ठेवली."

"खरी होती म्हणून चोरलीत."

"हो," ती म्हणाली.

बाईंना हे अपेक्षित नव्हतं. समोरचा आढेवेढे घेणार, मग आपण त्याला सोलून काढणार, असं सगळं त्या बसमध्ये घोकून आल्या होत्या. कबूल करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? त्यामुळे राग गेला नाही, उलट त्याला जागा उरली नाही म्हणून तो अजून चढला. "काढून टाका," त्या म्हणाल्या. "सगळीकडून. आज. माझा नवरा मेला त्यात, आणि तुम्ही त्याचा तमाशा केलात. माझ्यासमोर काढा, त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

दाढीवाला म्हणाला, "काढतो, काकू." चष्मेवाल्याला म्हणाला, "जिन्याचा ट्रॅक उघड. काकूंना दाखव आपण काय काढतोय ते."

चष्मेवाल्याने काहीतरी खटखट केली. म्हणाला, "गाण्यात आपण फक्त ओळ घेतलीये. हे मूळचं, मागचं-पुढचं सगळं आहे यात." आणि त्याने लावलं.

स्पीकरमधून शेवटच्या झांजेचा आवाज आला, लांबत लांबत विरत गेला. मग कडी. बाईंनी आपल्या दाराची कडी ओळखली. आणि कडीमागून, खाटेवरून, धापा टाकत आलेला आवाज.

"अगं, थांब. जाऊ नकोस."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"झोपायचं नाहीये मला." श्वास. "आत्ता कुठे जमलंय त्यांचं..."

आणि त्यावर बाईंचा आवाज कोसळला, झोपू द्या त्यांना, तासभर तरी झोपू द्या त्या माणसाला, जिनाभर घुमणारा, आणि त्याखाली मिस्त्री बोलतच होते, काय ते कळत नव्हतं. घुमणं ओसरल्यावर शेवटचं तेवढं ऐकू आलं. "एकदा परत वाजवायला सां..." आणि धाडकन दार.

चष्मेवाल्याने ट्रॅक थांबवला. "हा मागचा आवाज आम्ही कधी नीट ऐकलाच नाही," तो म्हणाला. "खरखर आहे असं वाटलं."

"परत लाव," बाई म्हणाल्या.

त्याने परत लावलं. मग तिसऱ्यांदा. ड्रमवाली खाली बघत होती. बाई रडल्या नाहीत. त्यांच्या कपाळाची शीर तटतटली होती. रोज सकाळी उशीखाली कापसाचे बोळे का सापडायचे ते त्यांना आता कळलं. झोपेत पडत असतील, असं समजून त्या रोज नवे घालत होत्या. तो माणूस रोज संध्याकाळी ते काढून, डोळे मिटून, वरच्या पोरांचं कुठे मागे पडतंय ते ऐकत पडला होता. तीन महिने. आणि बायकोला एका शब्दाने बोलला नाही.

"बोलायला काय झालं होतं?" बाई एकदम म्हणाल्या. दाढीवाल्याला वाटलं त्यालाच विचारलं, तो काहीतरी सांगू लागला. "तुला नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, आणि एकदा बोलायचं ते मी पाठ फिरवल्यावर. याला काय अर्थ आहे?"

पण बाईंना माहीत होतं की हेही पूर्ण खरं नाही. ते आणखी एकदा बोलले होते. वरचं वाजणं बंद झाल्यावर चार-पाच दिवसांनी, सहा वाजून गेल्यावर, छताकडे बघत त्यांनी विचारलं होतं, "आज नाही आली का गं पोरं?" आणि बाई छाती काढून म्हणाल्या होत्या, "येतात कशाला. असं झापलंय, की जन्मात येणार नाहीत." मिस्त्रींनी मान हलवली होती आणि भिंतीकडे कूस वळवली होती. झोप लागली असेल म्हणून बाईंनी दिवा मालवला होता. त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्यांनी त्या माणसाला शांततेत ठेवला, आणि आपण त्याला दिवस मिळवून देतोय या समाधानात राहिल्या.

"काकू," चष्मेवाला म्हणाला, "काढू ना मग? संध्याकाळपर्यंत सगळीकडून जाईल."

"थांब."

तो थांबला.

"तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही," बाई म्हणाल्या. "जाणारही नाही. चोरी ती चोरीच. पण मी त्यांना एकदा मध्येच तोडलंय. दुसऱ्यांदा नाही तोडणार. पूर्ण ठेव. ते थांब म्हणतात तिथपासून, दारापर्यंत."

दाढीवाल्याने चष्मेवाल्याकडे बघितलं. चष्मेवाला मान डोलवत म्हणाला, "ठेवतो."

"आणि त्यांचा आवाज वाढव. माझ्या ओरडण्याखाली दबलाय."

"ते तेवढं सोपं नाही, काकू. दोघं एकाच माइकवर आहात, एकाच वेळी. त्यांचा वाढवला की तुमचाही वाढणार. आहे त्याच्या दुप्पट ऐकू येईल तुमचं ओरडणं. आणि आता मागचं ऐकल्यावर लोक..." त्याने वाक्य अर्धं सोडलं.

"लोक काय म्हणतील ते मला सांगू नकोस. नणंद आहे त्याला." बाईंनी पर्स खांद्याला लावली, पण गेल्या नाहीत. चष्मेवाल्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि समोरच्या पडद्यावरच्या रेघांकडे बघू लागल्या, ज्यातली कुठली नवऱ्याची आणि कुठली आपली ते त्यांना कळत नव्हतं.

"वाढव," त्या म्हणाल्या. "ऐकू दे सगळ्यांना, ते काय सांगत होते आणि मी काय करत होते."